पहिल्या बाकावरची बाई

आमच्या वर्गात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हमखास फसतो. जिना चढून तो दारात येतो, फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाला अदबीनं विचारतो, "सर, परक्या भाषेचा वर्ग हाच ना?" सर लाजतात. सर म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक असतो, नाहीतर बेकरीत भट्टी सांभाळणारा गृहस्थ. खरी बाई पहिल्या बाकावर खिडकीच्या बाजूला हाताची घडी घालून बसलेली असते, आणि चेहरा असा की जणू आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

ती बाई म्हणजे माझी वहिनी, सख्ख्या थोरल्या भावाची बायको. तिच्याबद्दल मी लिहायला बसले आहे हे कळलं तर ती म्हणेल, "वन्सं, दुसरा उद्योग नाही का तुम्हाला?" दुसरा उद्योग आहे. जिन्याशेजारच्या खोलीत मी संस्थेचं ऑफिस सांभाळते. नावं नोंदवणं, दाखले देणं, फळा पुसला नाही म्हणून शिपायावर ओरडणं आणि पंखा कुरकुरायला लागला की वायरमनच्या मागे लागणं ही माझी कामं. नोकरी वहिनीच्या वशिल्यानं लागली. ते मी लपवत नाही. वशिल्यानं लागलेल्या माणसाला जेवढं राबावं लागतं तेवढं गुणांवर लागलेल्याला राबावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

संस्था म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा एक मजला. दोन वर्ग, एक ऑफिस, एक बेसिन. शिकायला येणारे सगळे पोटापाण्याला लागलेले लोक. कुणाला त्या देशातल्या इस्पितळात जायचंय, कुणाला बांधकामावर, कुणाला हॉटेलच्या स्वयंपाकघरात. जायचं तर तिथल्या भाषेची परीक्षा द्यावी लागते, आणि ती परीक्षा घ्यायची परवानगी आमच्या संस्थेकडे आहे. संस्थेचे चालक अंगानं बारीक आणि बोलायला टोचरे, म्हणून मी त्यांना टाचणी सर म्हणते. मनातल्या मनात म्हणते. एकदा चुकून मोठ्यानं म्हटलं गेलं, तेव्हा मी टाचण्यांचा डबा शोधत असल्याचं सोंग केलं.

वहिनी या भाषेकडे वळली ती काही प्रेमानं नाही. कॉलेजात तिला हवा होता त्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. उरलेल्यांत ही भाषा होती, ती तिनं घेतली. नाइलाजानं झालेली लग्नं पुष्कळदा टिकतात, तसं हे टिकलं. ती शिकली, पहिली आली, शिकवायला लागली. लग्नानंतर तिला तिकडून बोलावणं आलं होतं. वर्षभर त्या देशात राहायचं, भाषा शिकवायची कशी ते शिकायचं, सगळी सोय त्यांची. तेव्हा आमची आई अंथरुणाला खिळली होती. दादा म्हणाला, "आता नको. तुझीच ओढाताण होईल. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ आली नाही.

दादा वाईट माणूस नाही. रंगाच्या दुकानात तो गिऱ्हाइकाला हवी ती छटा कालवून देतो, आणि गिऱ्हाईक "जरा फिकट हवी होती" म्हणालं की न कुरकुरता पुन्हा कालवतो. घरात मात्र दुसऱ्याचं भलं कशात आहे हे तो स्वतःच ठरवतो, आणि इतक्या मायेनं ठरवतो की समोरच्याला भांडता येत नाही. वहिनी तेव्हा एक शब्द बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर भांडी आपटली असती. तिनं आईचं सगळं केलं, आई गेली, आणि ही आपली तिकडे जाणाऱ्यांना शिकवत इकडेच राहिली.

मग तिचे कान गेले. एकदम नाही. मी मागून हाक मारायचे तर ती ओ द्यायची नाही. मला आधी तो शिष्टपणा वाटला. चालत्या बोलत्या माणसाला ऐकू येत नसेल असं आपल्याला कुठं सुचतं? एक दिवस बेसिनशी ती हात धूत होती आणि मी अगदी पाठीशी उभी राहून ओरडले, तेव्हा ती दचकली ती माझ्या आवाजानं नाही, आरशात मी दिसले म्हणून. त्याच आठवड्यात मी तिला कानाच्या डॉक्टरकडे ओढून नेलं. डॉक्टर म्हणाले, नस निकामी होत चालली आहे, सुरुवात पुष्कळ आधीच झाली असणार, तुमच्या सासूबाई होत्या तेव्हापासूनच. आवाज येईल पण शब्द वेगळे कळणार नाहीत, आणि हळूहळू आवाजही जाईल. यंत्र दिलं. ते लावून वहिनी वर्गात गेली तर पंखा मोठा झाला, बाक मोठे झाले, रस्ता मोठा झाला, माणसं तेवढी होती तशीच राहिली. यंत्र डब्यात गेलं.

डॉक्टरकडून परत येताना ती रस्त्यातच थांबली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "यांना सांगायचं नाही."

"का? दादा काय खाणार आहे तुला?"

"खाणार नाहीत. म्हणतील, आता पुरे, घरी बस, आराम कर. माझ्या भल्यासाठीच म्हणतील. एकदा ऐकलं मी त्यांचं. आता वर्ग तेवढा उरलाय माझ्याकडे."

मी शब्द दिला. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, त्यामुळे मला किती जड गेलं असेल ते गल्लीनंच ठरवावं.

घरात ते निभावणं तसं सोपं होतं, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं. दादा बोलतो तो बूट काढता काढता, कपाटात डोकं घालून, नाहीतर टॉवेलात तोंड पुसत. वहिनी "हं" म्हणायची, किंवा काहीच म्हणायची नाही. दादाला वाटायचं ती रुसली आहे. रुसवा किती वर्षं चालतो याचा हिशेब पुरुष करत नाहीत. मग तोही कमी बोलायला लागला. जेवणाच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची, एक पेपर वाचायचा आणि एक पुस्तक, आणि मीठ इकडचं तिकडे करायला मी. मला कितीदा वाटलं की दादाच्या हातातला पेपर ओढून सगळं सांगून टाकावं. पण दिलेला शब्द म्हणजे घशात अडकलेला काटा, गिळताही येत नाही आणि काढताही येत नाही.

वर्गात मात्र निभावणं सोपं नव्हतं. फळ्यापाशी उभं राहिलं की प्रश्न चारी बाजूंनी येतात. एकदा मागच्या बाकावरून बेकरीवाल्यानं काहीतरी चुकीचं उत्तर दिलं आणि वहिनीनं ती चूक मेकॅनिकला समजावून सांगितली. मेकॅनिक तोंड वासून बघत राहिला, कारण बिचाऱ्यानं तोंडही उघडलं नव्हतं. वर्ग हसला. वहिनीनं वर्गावरून एकदा नजर फिरवली. मग तिनं मेकॅनिकच्या हातात खडू दिला.

"ये इकडे. आजचा धडा तू घे."

"मी? बाई, मला कुठं येतंय?"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि त्याच्या जागेवर, पहिल्या बाकावर जाऊन बसली.

मी पंख्याचं बघायला वर्गात गेले होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. धडा रस्ता विचारण्याचा होता. मेकॅनिकची पाचावर धारण बसली होती. उजवीकडे वळा म्हणताना त्यानं डावा हात केला, बेकरीवाल्यानं लगेच पकडलं, आणि "मग स्टेशनला जायचं तर पुलाच्या वरून की खालून?" असा प्रश्न टाकला. मेकॅनिकला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या हातानं काढलेला नकाशा घेऊन आला, पुलासकट, आणि धडा पुन्हा घ्यायची परवानगी मागितली. आपल्याला येत नाही हे बाईंसमोर चालतं, बेकरीवाल्यासमोर चालत नाही.

पुढच्या खेपेला अर्थातच बेकरीवाल्यानं शिकवलं, आणि मेकॅनिक मागच्या बाकावर दबा धरून बसला. अशी ती रीत पडली. रोज एकजण शिकवणार, बाकीचे शिकणार, बाई शिकणाऱ्यांत. वहिनी पाठ आदल्या दिवशी त्या माणसाबरोबर बसून तयार करून घ्यायची, पण वर्गात ती सगळ्यांत ढ विद्यार्थिनी. मुद्दाम चुकायची. वेड्यासारखे प्रश्न विचारायची. तिची चूक दाखवायला मिळावी म्हणून लोक पुढच्या धड्याची तयारी करून यायला लागले. एरवी तोंडातून शब्द न काढणारी माणसं तिला समजावून सांगताना घडाघडा बोलायची.

हे सगळं अडचणीतून निघालं होतं, कुठल्या पुस्तकातून नाही. फळ्यापाशी एकच माणूस उभा, म्हणजे एकच तोंड. तेही खिडकीच्या उजेडात आणि अगदी समोर. वहिनी ओठ वाचत होती. त्यासाठी तिनं नियम केले. एका वेळी एकानंच बोलायचं. आधी फळ्यावर लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. आणि समोरचा आपल्याकडे बघत असेल तरच बोलायचं. त्यानं नजर काढली तर थांबायचं, परत बघेल तेव्हा वाक्य पुढं न्यायचं.

वर्गात एक नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. तिला कारण कळल्याशिवाय चैन पडत नसे. तिनं विचारलं, "बाई, बघितलं नाही तर का नाही बोलायचं?"

वहिनी गडबडली. खरं कारण सांगायचं नव्हतं आणि खोटं तयार नव्हतं. ती म्हणाली, "तिकडची तशी रीत आहे. समोरचा बघत नसताना बोलणं तिथं असभ्य समजतात."

झालं. सिस्टरनं ते मनावर घेतलं आणि वर्गानं डोक्यावर. भाषा विसरतील पण रीत विसरणार नाहीत अशी ही माणसं. नवीन कुणी आला की जुने त्याला आधी ही रीत शिकवायचे. बेकरीवाल्यानं ती घरीही लावली आणि सासूबाईंनी मान वळवली की वाक्य तोडायला लागला. त्या म्हणे जावयाला काहीतरी आजार जडलाय म्हणून काळजीत पडल्या. एकदा तिकडे जाऊन राहिलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा, गवंड्याचा, ऑफिसात फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, एक सांगू का? बाईंना वाईट वाटेल, पण इथली माणसं रीतभात पार विसरलीत. पाठमोरी बोलतात! मी एकटाच पाळतोय." मी फोनवर हात ठेवून इतकी हसले की टाचणी सर बघायला आले. वहिनीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "आता कसं सांगू त्यांना?" एवढंच म्हणाली.

अशी वर्षं गेली. कित्येकजण तिकडे गेले, मेकॅनिक, बेकरीवाला आणि सिस्टर मात्र वरच्या वरच्या परीक्षांसाठी अजून येत होते. आणि मग त्या देशातून तपासनीस येणार असं कळलं.

संस्थेची परवानगी पुढं चालू ठेवायची की नाही ते वर्ग बघून ठरणार होतं. टाचणी सरांनी वहिनीला बोलावलं. मी फाइल शोधायच्या निमित्तानं तिथंच होते.

"त्या दिवशी तुम्ही शिकवायचं," सर म्हणाले. "स्वतः, उभं राहून. तो विद्यार्थ्यांचा खेळ नको. बाई बाकावर बसलेल्या दिसल्या तर त्यांना वाटेल आम्ही पगार बसण्याचा देतो."

वहिनी "बरं" म्हणाली. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला.  परवानगी गेली तर संस्था जाईल, आणि खरं कळलं तर वहिनीला काढतील, दोन्हीकडून वर्ग जाणारच. आम्ही दोघींनी मग एक युक्ती केली. मी मागच्या भिंतीशी बसायचं. डावीकडून कुणी बोललं तर डावा हात गालाला लावायचा, उजवीकडून बोललं तर उजवा. ओळ कितवी ते बोटांनी दाखवायचं. घरी टेबलाशी बसून आम्ही त्याची तालीम केली. दादा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "दात दुखतोय का गं तुझा?"

तपासनीस बाई उंच, पिकल्या केसांच्या, अगदी साध्या. त्या सरळ मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि मांडीवर कागद घेतले. वहिनीनं धडा सुरू केला. विषय होता डॉक्टरकडे गेल्यावर काय बोलायचं. सुरुवात चांगली झाली. इतकी वर्षं त्या भिंतींआड बसून मलाही ती भाषा समजते. बोलता येत नाही, पण कुणी मला नावं ठेवत असेल तर तेवढं बरोबर कळतं. वहिनी बोलत होती आणि मी गाल बदलत होते, आणि थोडा वेळ मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात टाचणी सरांनी दारातून खूण केली. पाहुण्यांना पाणी. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे वटारले. मला उठावं लागलं. त्या माणसाचा मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

ग्लास घेऊन परत आले तोवर सगळं विस्कटलं होतं. बेकरीवाल्यानं काहीतरी विचारलं होतं आणि वहिनी मेकॅनिककडे बघून भलतंच उत्तर देत होती. वर्ग एकमेकांकडे बघत होता. या वेळी कुणी हसत नव्हतं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझी रिकामी जागा बघत होती.

सिस्टर उठली. "बाई, आज माझी पाळी आहे," असं म्हणत ती फळ्यापाशी गेली आणि वहिनीच्या हातातून तिनं खडू घेतला. नंतर तिनं मला सांगितलं की तिला वाटलं बाईंना चक्कर येतेय. वहिनी मुकाट्यानं पहिल्या बाकावर जाऊन बसली. दारात सरांनी कपाळाला हात लावला.

सिस्टर शिकवायला लागली. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, श्वास घ्या, सोडा. मेकॅनिकला तिनं रोगी केलं. ती खरंच छान शिकवत होती. तपासनीस बाईंनी खाली बघून काहीतरी लिहायला घेतलं. सिस्टर थांबली, अर्ध्या वाक्यात. बाईंनी वर बघितलं, सिस्टरनं वाक्य पुरं केलं. बाईंनी पुन्हा लिहायला मान खाली घातली, सिस्टर पुन्हा गप्प. आणि सिस्टरच नाही, रोगी झालेला मेकॅनिकही "आई गं" मधल्या "आई"वर थांबला. सगळा वर्ग वळून पाहुण्यांकडे बघत राहिला, अत्यंत नम्रपणे. कागद खाली गेला की शांतता, मान वर आली की धडा सुरू. शेवटी बाईंनी पेन ठेवलं.

"तुम्ही मधेच का थांबता?" त्यांनी त्यांच्या भाषेत विचारलं.

सिस्टर अभिमानानं म्हणाली, "तुम्ही बघत नव्हता म्हणून. तुमच्या देशाची रीत आहे ना, समोरचा बघत नसताना बोलायचं नाही."

"आमच्या देशाची?" बाईंच्या भुवया वर गेल्या. "अशी रीत आमच्याकडे नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळा वर्ग पहिल्या बाकाकडे बघायला लागला. तपासनीस बाईंनीही तिकडे बघितलं आणि मागूनच विचारलं, "बाई, हे तुम्ही शिकवलंत?"

वहिनी फळ्याकडे तोंड करून ताठ बसली होती. सिस्टर पुढं काय बोलते याची वाट बघत होती. बाईंनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. वहिनी हलली नाही. मी हातात ग्लास घेऊन उभी होते. मग वर्गात एकेकाचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला. मेकॅनिकचा, बेकरीवाल्याचा, सगळ्यांत शेवटी सिस्टरचा. सिस्टरनं खडू खाली ठेवला आणि हलकेच वहिनीच्या मागं बोट दाखवलं. वहिनी वळली. इतकी सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली पाहून काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही.

ती उठली. त्या भाषेत, तिच्या नेहमीच्या स्वच्छ उच्चारात ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही. ती रीत तुमच्या देशाची नाही, माझी आहे. यांना मी खोटं सांगितलं."

 मग तपासनीस बाई उठल्या, बाकांमधून चालत पुढं गेल्या आणि खिडकीच्या उजेडात वहिनीसमोर उभ्या राहिल्या. सावकाश बोलल्या. परीक्षेत ऐकण्याची जी प्रश्नपत्रिका असते ती तुम्हाला घेता येणार नाही, नियम आहे, ती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी लागेल. वर्गाचं वेगळं. वर्ग मी अजून पुरता पाहिलेला नाही. मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "पुढं चालू करा."

धडा शेवटपर्यंत झाला. बाईंनी त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. लिहिणार कशा? मान खाली घालायची सोयच नव्हती.

परवानगी राहिली. दुसऱ्या माणसाची अट टाचणी सरांना झोंबली असती, पण ऐकण्याचा तेवढा भाग मला जमेल असं तपासनीस बाईंनीच सुचवलं. वर्गभर मी गाल बदलत होते आणि मला भाषा कळत होती, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आता ते काम माझ्या गळ्यात पडलंय. वेगळा पगार नाही.

त्या गेल्यावर वर्ग तसाच बसून होता. मेकॅनिक पहिल्यांदा बोलला. "म्हणजे बाई, मी तिकडे जाऊन येडा ठरलो असतो!" बेकरीवाला म्हणाला, "तू इथंच ठरलायस. माझं बघ, सासू मला डॉक्टरकडे न्यायला निघालीय." मग सगळे हसले, वहिनीसुद्धा. सिस्टर मात्र हसली नाही. "रोज माणसं तपासते मी," ती म्हणाली, "आणि समोर बसलेल्या बाईंचं मला कळलं नाही." तिचे डोळे भरले होते. आणि हे सगळे बोलले ते पाळीपाळीनं, वहिनी बघेल तेव्हाच.

बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली. बेकरीवाल्याचं दुकान आमच्याच रस्त्यावर आहे. दादा रोज तिथून पाव आणतो, म्हणजे बातमी घरी पोचायला वेळ लागणार नव्हता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजच सांगते यांना."

"मी बाहेर थांबू?"

"नको. तुम्ही असा. ते काय म्हणाले ते मला नीट कळलं नाही तर तुम्ही सांगा."

दादा टेबलाशी बसला होता. नखांत निळा रंग, पुढ्यात पेपर. वहिनी त्याच्यासमोर बसली आणि तिनं पेपर हातानं खाली केला. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "पुष्कळ वर्षं झाली. आज वर्गात सगळ्यांना कळलं. वन्संना आधीपासून ठाऊक आहे, मीच त्यांना बोलू दिलं नाही. आणि वर्ग मी सोडणार नाही, हेही आत्ताच सांगते."

मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, घरी बस. मी भांडायची तयारी करूनच उभी होते.

दादानं माझ्याकडे बघून विचारलं, "कधीपासून?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

त्यानं तिच्याकडे बघून विचारलं. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, सासूबाई होत्या तेव्हापासूनच."

दादा उठला. बेसिनपाशी गेला, नळ सोडला, बंद केला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तिनं ऐकलंच नव्हतं."

"काय ऐकलं नव्हतं?"

तो भिंतीशीच बोलावं तसा बोलत होता. "आई गेली, पाहुणे गेले, त्या दिवशी ती इथंच भांडी घासत होती. मी त्या दारात उभा राहिलो. तिला म्हटलं, माझं चुकलं, तुला जाऊ द्यायला हवं होतं. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, तेच तिचं उत्तर. मग मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही."

मला भयंकर राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. दोघांचा, नळाचा, माझ्या दिलेल्या शब्दाचा. वहिनी एकदा त्याच्या पाठीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काही कळलेलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसली, मी सांगेन म्हणून.

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. दादा, इकडे ये आणि तिच्याकडे बघून सांग."

दादा आला. त्यानं खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर घेतली. बसला. काही वेळ त्याला वर बघता येईना, आणि ती थांबली. मग त्यानं मान वर केली आणि तीच दोन वाक्यं सावकाश म्हटली. एकदा त्याचा आवाज फुटला, पण ते फक्त मला कळलं.

वहिनी त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मी पुढं झुकून विचारलं, "कळलं का गं?"

मी झुकलेली तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली असावी. माझ्याकडे न बघताच मला हातानं गप्प केलं.

"पहिल्यांदाच कळलं," ती दादाला म्हणाली. "पण पुन्हा एकदा सांगा."